पहिल्या वहीतील पाठभेद

१

काही दिवसांपूर्वी एका परिचितांच्या घरी इयत्ता दुसरीत शिकणाऱ्या मुलीची वही पाहण्याचा योग आला. 'माझी सकाळ' या विषयावर तिने चार वाक्ये लिहिली होती. ती अशी : 'माजी आजी पानी आन्ते. मी दप्तर उचल्ते. मंग आमि शाळेत जातो. र्वग मोठा आहे.' चौदा शब्दांच्या या मजकुरात सात शब्दांभोवती तांबड्या शाईची वर्तुळे होती. खाली शेरा होता : 'अशुद्ध लेखन. प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून आणणे.' मुलीने ते निमूटपणे केले होते. मात्र 'पाणी' हा शब्द आठ वेळा बरोबर लिहून झाल्यावर शेवटच्या दोन ओळींत तो पुन्हा 'पानी' झाला होता. हात थकला आणि कान जागा झाला, एवढाच त्याचा अर्थ.

साहित्याच्या अभ्यासकाला या वहीशी काय कर्तव्य आहे, असा प्रश्न येथे कोणी विचारील. प्राथमिक शिक्षण हे शिक्षणशास्त्राचे क्षेत्र आणि शुद्धलेखन हा वैयाकरणांचा प्रांत. विद्यापीठातील मराठी विभागाने त्यात का पडावे? प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. या सात वर्तुळांचा उलगडा करण्याची साधने ज्यांच्यापाशी आहेत अशी माणसे आपल्या विभागांतच आहेत. त्यांनी ती या कामी फारशी वापरलेली नाहीत, हे खरे दुखणे आहे.

एरवी आपल्या शास्त्राला चुकीच्या लेखनाचे वावडे नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठाचे शुद्धीकरण केले. १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपल्याला सापडलेल्या जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही मांडले. तेव्हापासून पाठचिकित्सेची जी परंपरा आपल्याकडे रुजली, तिचा पहिला धडा हा की लेखकूचा प्रमाद हाही पुरावा असतो. तो 'ण'च्या जागी 'न' लिहितो, तेव्हा त्याच्या प्रदेशातील उच्चाराची खूण मागे राहते; तो ऱ्हस्व-दीर्घाची गल्लत करतो, तेव्हा तो भेद त्याच्या बोलण्यात उरला नव्हता असे अनुमान करता येते. पदव्युत्तर वर्गात आपण हे आवर्जून शिकवतो. चारशे वर्षांपूर्वीच्या अनामिक लेखकूला दाखवलेले हे सौजन्य आज आपल्यासमोर बसलेल्या सात वर्षांच्या लेखिकेला मात्र आपण दाखवीत नाही.

२

त्या सात शब्दांकडे पाठचिकित्सकाच्या दृष्टीने पाहिले तर काय दिसते?

'माजी', 'पानी' आणि 'मंग' हे तीन शब्द त्या मुलीने जसे ऐकले तसे लिहिले आहेत. तिच्या घरी 'झ'चा महाप्राण शिथिल होतो, 'ण'चा 'न' होतो आणि 'मग' सानुनासिक होतो. महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागात हे उच्चार रूढ आहेत. म्हणजे येथे लेखन अचूक आहे. वेगळी आहे ती बोली. 'आमि' या शब्दात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. 'म्ह'चा 'म' हा बोलीचा भाग. अन्त्य इकार ऱ्हस्व, हा मात्र लेखननियमाचा भंग.

'उचल्ते' आणि 'आन्ते' हे शब्द अधिक विचार करायला लावणारे आहेत. 'उचलते' असे आपण लिहितो खरे, पण उच्चारताना 'ल'मधील 'अ' कोणीही उच्चारीत नाही. हा लोप मराठीत सार्वत्रिक आहे. तो पुण्याच्या प्राध्यापकाच्या बोलण्यातही आहे. आता याच मुलीने 'दप्तर' हा शब्द, त्यातील जोडाक्षरासह, बिनचूक लिहिला आहे हे पाहावे. 'प'नंतर 'अ' ऐकू येत नाही, म्हणून 'प्त'; मग 'ल'नंतरही 'अ' ऐकू येत नाही, तर 'ल्त' का नको? हा तर्क निर्दोष आहे. क्रियापदाचा धातू 'उचल' आहे आणि लेखनात तो अखंड ठेवावयाचा असतो, ही गोष्ट तिला अद्याप ठाऊक नाही. ती ध्वनीच्या पातळीवर विचार करते आहे आणि लेखनसंकेत शब्दसिद्धीच्या पातळीवर. चूक झाली आहे ती या दोन पातळ्यांच्या सांध्यावर.

उरला 'र्वग'. प्रथमदर्शनी ही शुद्ध बेपर्वाई वाटते. पण 'वर्ग' हा शब्द सावकाश म्हणून पाहावा. 'र' ऐकू येतो तो 'व'ला चिकटून : 'वर्–ग'. देवनागरी मात्र त्या 'र'ला पुढच्या 'ग'च्या डोक्यावर नेऊन बसवते. कानाने केलेली फोड एक आणि लिपीने केलेली फोड दुसरी. मुलीने रफार ज्या अक्षराबरोबर ऐकला त्याच अक्षरावर दिला. 'धर्म'चा 'र्धम' होतो तोही याच कारणाने.

तेव्हा सात वर्तुळांपैकी एकाही ठिकाणी त्या मुलीचे लक्ष नव्हते असे म्हणता येत नाही. उलट, तिचे लक्ष फारच होते. पण ते आवाजाकडे होते.

३

लहान मुले लेखन शिकतात ती पाहून, गिरवून आणि पाठ करून, अशी आपली पारंपरिक समजूत आहे. धूळपाटीपासून 'ग म भ न'पर्यंतची आपली सारी अध्यापनरीती या समजुतीवर उभी आहे. गिरवण्याला स्थान आहेच. हाताला वळण लागल्यावाचून लेखन होत नाही. परंतु गेल्या अर्धशतकातील संशोधनाने हे दाखवून दिले आहे की मूल नुसती नक्कल करीत नाही, ते लेखनाविषयी स्वतःचे सिद्धान्त बांधते आणि मोडते.

१९७१ मध्ये चार्ल्स रीड या अमेरिकन अभ्यासकाने शाळेत जाण्यापूर्वीच स्वतःच्या बुद्धीने शब्द लिहू लागलेल्या मुलांचे लेखन तपासले. 'ट्रक'सारख्या शब्दाच्या आरंभी ही मुले 'ट'चे अक्षर न लिहिता 'च'चा ध्वनी दाखवणारी अक्षरे लिहीत. पालकांना ते विचित्र वाटे. रीड यांनी दाखवले की इंग्रजीत 'र'पूर्वीचा 'ट' खरोखरच 'च'च्या जवळ सरकतो. मोठ्यांचे कान लेखनाच्या सवयीने बधिर झालेले असतात, मुलांचे नसतात. पुढे १९७९ मध्ये एमिलिया फेरेरो आणि आना तेबेरोस्की यांनी स्पॅनिश भाषक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक उच्चारित अवयवाला एक चिन्ह पुरे, अशा समजुतीच्या अवस्थेतून मुले जातात आणि नंतर स्वतःच ती सोडतात, असे त्यांचे निरीक्षण होते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हे निष्कर्ष रोमन लिपीच्या संदर्भातील आहेत. ते जसेच्या तसे मराठीला लावणे म्हणजे उसन्या चष्म्याने पाहणे होय. रोमन लिपीत व्यंजन आणि स्वर वेगवेगळे उभे असतात. आपल्याकडे स्वर व्यंजनाच्या अंगावर बसतो : कधी पुढे, कधी वर, कधी खाली, आणि ऱ्हस्व इकाराच्या बाबतीत चक्क आधी. 'कि' म्हणताना 'क' प्रथम उच्चारावा आणि लिहिताना इकाराची वेलांटी प्रथम काढावी, हे मोठ्यांना जाणवतही नाही. मुलाला ते शिकावे लागते. चौतीस व्यंजने आणि बारा खडी धरली तरी ४०८ रूपे होतात, आणि त्यांत जोडाक्षरे आलेलीच नाहीत. एकट्या 'र'ची रूपे पाहा : 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'दऱ्या', आणि हा शेवटचा 'दऱ्या' समुद्रवाचक 'दर्या'हून वेगळा. कन्नडसारख्या अक्षरप्रधान लिपीतील मुलांचा अभ्यास करून सोनाली नाग यांनी २००७ मध्ये मांडले की अशा लिपीवर प्रभुत्व मिळवण्यास मुलांना अनेक वर्षे लागतात. ते पहिल्या एक-दोन इयत्तांत पूर्ण होणारे काम नव्हे. देवनागरीची रचना त्याच कुळातील आहे. तरीही बाराखडी संपली की लेखन संपले, असे आपले वेळापत्रक सांगते.

मुलाचा तर्क कधी कधी किती दूर जातो याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. बाराखडी नुकतीच शिकलेले मूल 'इमारत' हा शब्द 'अिमारत' असा लिहू पाहते. 'ओ', 'औ', 'अं' ही चिन्हे 'अ'वरच उभी असतात, मग वेलांटीने काय पाप केले, असा त्याचा न बोललेला प्रश्न असतो. लिपिशुद्धीच्या चळवळीत वि. दा. सावरकरांनी ज्या 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला ती हीच. एका पिढीत जी सुधारणा म्हणून मांडली गेली, ती दुसऱ्या पिढीतील मुलाच्या वहीत चूक म्हणून खोडली जाते.

४

आता ऱ्हस्व-दीर्घाकडे वळू. मराठी शुद्धलेखनाचे नाव काढताच शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या मनात जी धास्ती उभी राहते, ती मुख्यतः याच प्रश्नाची आहे.

मराठीत 'इ' आणि 'ई', 'उ' आणि 'ऊ' यांतील भेद सामान्यतः अर्थभेदक नाही. स्वराची लांबी शब्दातील स्थानावर अवलंबून असते, हे भाषाविज्ञानाच्या प्राथमिक वर्गातही सांगितले जाते. 'फूल' म्हणताना स्वर लांबतो, 'फुले' म्हणताना आखूड होतो. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे जे चौदा नियम शासनाने स्वीकारले आणि ज्यांत १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली, त्यांनी मराठी शब्दांपुरती ही वस्तुस्थिती बऱ्याच अंशी मान्य केली. अन्त्य इकार-उकार दीर्घ. अकारान्त शब्दाचा उपान्त्य दीर्घ. अन्त्य अक्षर दीर्घ असेल तर उपान्त्य ऱ्हस्व. हे नियम कानाशी फारसे भांडत नाहीत. मुलांसमोर 'फूल–फुले', 'मूल–मुले', 'सून–सुना' असे शब्द मांडले तर नियम त्यांनाच शोधून काढता येतो.

अडचण येते ती तत्सम शब्दांपाशी. 'खूण' आणि 'गुण' या दोन शब्दांतील उकार आपण सारख्याच लांबीने उच्चारतो, पण एक दीर्घ लिहावयाचा, दुसरा ऱ्हस्व. 'वीस' आणि 'विष' यांचेही तेच. 'खीर' शब्दाचे 'खिरीत' होते, पण 'शरीर' शब्दाचे 'शरीरात' राहते. यामागील कारण एकच : दुसरा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. म्हणजे 'गुण' हा शब्द बरोबर लिहिण्यासाठी आठ वर्षांच्या मुलाला शब्दाची वंशावळ ठाऊक असावी लागते. ही अपेक्षा आपण करतो, आणि ती पुरी झाली नाही की त्याला निष्काळजी ठरवतो. 'ज्ञान'चे 'द्न्यान', 'कृपा'चे 'क्रुपा' ही रूपेही याच जातीची आहेत. मराठी माणूस जे बोलतो तेच मुलाने लिहिलेले असते.

इतिहासाची साक्ष या बाबतीत उद्बोधक आहे. मराठ्यांच्या राज्याचा पत्रव्यवहार, हिशेब आणि निवाडे ज्या मोडी लिपीत शतकानुशतके लिहिले गेले, तिच्यात इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद प्रायः पाळला जात नसे. त्यावाचून कोणाचा सरंजाम बुडाला नाही. दुसरीकडे, १९६२ पूर्वी शाळांत 'पांच', 'नांव', 'कांहीं' असे अनुच्चारित अनुस्वार देणे सक्तीचे होते. ते न देणाऱ्या मुलांनी छड्या खाल्ल्या. मग नियम बदलला, आणि त्या मुलांची चूक हाच नियम झाला. २००९ मध्ये शासनाने 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेत स्थान दिले. हे सारे पाहिल्यावर लेखनाचे नियम म्हणजे संकेत होत, हे मान्य करावे लागते. संकेताचा भंग होऊ शकतो. त्याला 'अशुद्ध' म्हणणे हा वेगळा प्रकार आहे. 'शुद्ध' या शब्दाला आपल्या समाजात सोवळ्या-ओवळ्याचा वास आहे. 'पानी' हे अशुद्ध, असे ज्या मुलीला सांगितले जाते तिला ऐकू येते ते असे, की आपली आजी अशुद्ध बोलते.

५

येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला असा की, मग ज्याने त्याने कानाला येईल तसे लिहावे काय? प्रमाणलेखनाची गरजच नाही काय? प्रस्तुत लेखकाचे तसे मत नाही. गोंदियाच्या वाचकाला आणि सावंतवाडीच्या वाचकाला एकच पुस्तक अडखळल्याविना वाचता येते ते लेखनाच्या एकरूपतेमुळे. उच्चारभेदांच्या वर असलेली ही सामाईक मिळकत आहे. शिवाय ज्या घरात पुस्तके आहेत त्या घरचे मूल प्रमाणलेखन शाळेवाचूनही उचलते. ज्या घरात ती नाहीत तेथील मुलाला ते शाळेनेच द्यावे लागते. शाळेने हात झटकले तर त्याची किंमत त्या दुसऱ्या मुलाला अर्जाच्या आणि परीक्षेच्या वेळी मोजावी लागेल. म्हणून प्रमाणलेखन शिकवायचे की नाही हा प्रश्नच नाही. ते कशाच्या नंतर आणि कोणत्या क्रमाने शिकवायचे, हा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप असा की, चूक वेळीच न सुधारल्यास ती अंगवळणी पडते. हा धोका खोटा नाही. परंतु एका पानावर सात वर्तुळे काढल्याने काय अंगवळणी पडते हेही पाहिले पाहिजे. ज्याच्या वहीत प्रत्येक लांब वाक्याबरोबर वर्तुळे वाढतात, ते मूल लवकरच आखूड वाक्ये लिहू लागते. ज्या शब्दांची खात्री आहे तेवढेच शब्द वापरते. पुढे ते महाविद्यालयात येते तेव्हा आपण तक्रार करतो की विद्यार्थ्यांना स्वतःचे असे चार ओळींचे लिहिता येत नाही. पदवीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवले असेल. त्या उत्तरपत्रिकेची सुरुवात दुसरीच्या वहीत झालेली असते.

मला सुचणारा क्रम साधा आहे. आरंभीची दोन वर्षे मुलाने कानाने ऐकलेले निर्भयपणे लिहावे. या काळात शिक्षकाने लिपीच्या यंत्रणेकडे लक्ष पुरवावे : वेलांटी, रफार, जोडाक्षर, एका वेळी एकच गोष्ट. त्यानंतर मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ, तेही मुलांनी स्वतः नियम शोधण्याच्या रीतीने. बोलीतील रूप आणि ग्रंथातील रूप शेजारी शेजारी फळ्यावर लिहावे : 'आपण घरी असे म्हणतो, पुस्तकात असे लिहितात.' तत्सम शब्द सर्वांत शेवटी, आणि ते नियमाने नव्हे तर वाचनाने. कारण ते डोळ्यांच्या ओळखीनेच बसतात. या क्रमात तांबडी शाई राहील. पण एका पानावर ती एकाच जातीच्या चुकीला लागेल.

६

हे करण्यासाठी शिक्षकाला एक गोष्ट यावी लागते : चूक कोणत्या जातीची आहे हे ओळखणे. बोलीची, लिपीची, की नियमाची? आणि हे शिकवण्याची जबाबदारी शेवटी आपल्याकडे येते. प्राथमिक शिक्षक ज्यांच्याकडून मराठी शिकतात त्या अध्यापकांना घडवणारे विभाग आपले आहेत. आपल्या अभ्यासक्रमात भाषाविज्ञान आहे, बोलींचा अभ्यास आहे, व्याकरण आहे. परंतु मराठी मूल पहिला शब्द कसा लिहिते, या प्रश्नाला त्यात क्वचितच जागा मिळते. मुले काय वाचतात याची निदान पाहणी होते. २००५ पासून 'असर'सारखे अहवाल मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद यांपैकी काय वाचता येते ते सांगतात. मुले काय आणि कसे लिहितात याकडे तेवढे लक्ष गेलेले नाही.

भाषेच्या अभ्यासकाने या कामाला हात घालणे अशक्य नाही, याचा दाखला आपल्याकडे आहे. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीतील भाषाभेदांवर संशोधन केले आणि नंतर त्याच गावी मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्याचे काम अनेक वर्षे केले. मोजकी अक्षरे व मात्रा हाती देऊन मुलाला लवकरात लवकर अर्थपूर्ण शब्दांपर्यंत नेण्याची त्यांची पद्धत भाषाविज्ञानाच्या जाणकारीतूनच आली आहे. असे उदाहरण अपवाद म्हणून राहू नये.

म्हणून एक सूचना करतो. प्रत्येक विभागाने आपल्या परिसरातील प्राथमिक शाळांतील मुलांचे स्वतंत्र लेखन, मुलांची नावे वगळून, दुरुस्तीविना, तारीख आणि इयत्ता नोंदवून संग्रहित करावे. हस्तलिखितांचे दप्तर जसे जपले जाते तसे ते जपावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी विषय सुचत नाहीत ही दरवर्षीची कुरकुर आहे. येथे प्रत्येक तालुक्यात एक विषय वाट पाहत आहे. वऱ्हाडातील मूल कोठे अडते, कोकणातील कोठे. घरी कोरकू, भिली किंवा उर्दू बोलणारे मूल मराठीचे कोणते ध्वनी कसे टिपते. रफार साधारणपणे कोणत्या इयत्तेत स्थिरावतो. या प्रश्नांना मराठीपुरती भक्कम उत्तरे मिळाली, तर पाठ्यपुस्तके करणाऱ्यांना केवळ परंपरेवर विसंबावे लागणार नाही, आणि मराठीच्या बोलींचा एक जिवंत नकाशाही आपल्या हाती येईल.

आपण ज्या लिपीत लिहितो तिला 'बाळबोध' असे नाव आहे. बाळाला बोध व्हावा अशी लिपी, हा त्या नावाचा अर्थ. तिचा बोध बाळाला कसा होतो, हे पाहण्याची वेळ मात्र आपल्यावर अजून यावयाची आहे. त्या दुसरीतील मुलीने आठ वेळा 'पाणी' लिहिले आणि नवव्या वेळी 'पानी'. आठ वेळा तिने शिक्षकांचे ऐकले, दोन वेळा आजीचे. दोघांचेही ऐकण्याची मुभा तिला असावी, आणि कोणते रूप कोठले हे सांगणारे कोणीतरी तिच्या शेजारी असावे, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.